पट्ट्याचं सहावं भोक

बाबांचा कातडी पट्टा अजून आईच्या कपाटात आहे. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगलेला. तपकिरी रंग जागोजागी उडालाय, बक्कल काळं पडलंय. त्याला कारखान्यात पाडलेली पाच भोकं आहेत, सारख्या अंतरावर, कडा दाबून गुळगुळीत केलेली. आणि टोकाच्या बाजूला सहावं. ते जरा तिरकं आहे, कडेचं कातडं उसवल्यासारखं केसाळ झालंय. ते बाबांनी दाभणानं पाडलं. मी तेव्हा सतरा वर्षांची. पट्टा लाकडी फळीवर ठेवून मी दोन्हीकडून ताणून धरला होता आणि बाबा दाभणाच्या मुठीवर बत्ता हाणत होते. ‘‘बाबा, पट्टा लहान झाला का हो?’’ मी विचारलं. ‘‘कातडं आहे, आकसतं,’’ ते म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो.

बाबांना आपल्या वजनाचा फार अभिमान होता. कॉलेजात 64 किलो, नोकरीला लागताना 64, आणि ते सहावं भोक पाडलं त्या वर्षीही 64. काट्यावर उभं राहून ते आकडा मोठ्यानं वाचायचे. त्यानंतर दोन वर्षांनी एका रात्री त्यांना छातीत जळजळलं. पित्त झालं असेल म्हणून ते पाणी पिऊन उशाशी टेकून बसले. पहाटेपर्यंत सगळं संपलं होतं. वय 51. ‘‘इतका सडपातळ माणूस,’’ भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, ‘‘विश्वासच बसत नाही.’’

त्या सहाव्या भोकाची गंमत मी पुढे जवळजवळ तीस वर्षं सांगत आले. कातडं आकसतं म्हणाले, बघा. ते भोक खरं काय सांगत होतं हे कळायला मला गेलं वर्ष उजाडावं लागलं.

मी बाबांवर गेलेय. हातपाय काटक्या, चेहरा लांबट. ताई आईवर गेलेली, भरल्या अंगाची, रुंद कमरेची, मांड्या भरदार. दोघींत चार वर्षांचं अंतर. लहानपणापासून तिनं एकच वाक्य ऐकलं: ‘‘धाकटीकडे बघ जरा.’’ आणि धाकटी, म्हणजे मी, ते ऐकताना पाठ सरळ करून बसायची. खाण्यापिण्यावर माझा ताबा होता असं मुळीच नाही. ताईइतकंच, कधी तिच्यापेक्षा जास्त मी खायचे. पण न कमावलेलं प्रशस्तिपत्रक परत करायचं कुणाच्या मनात येतं? मी तिला ‘ड्रम’ म्हणायचे. चौदा-पंधरा वर्षांची असताना रोज. हे लिहिताना माझी मान खाली आहे.

मोठेपणीही हेच चालू राहिलं, फक्त बोलणाऱ्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप आले. ताईचा गुडघा दुखो, कान दुखो, झोप न लागो, पहिलं वाक्य ठरलेलं: आधी वजन कमी करा. मला मात्र ‘तुम्हाला काय धाड भरलीय’ म्हणून तपासणीच्या खोलीतून हसत बाहेर काढलं जायचं. दमायला होतं, जेवल्यावर गुंगी येते, हे मी दोनदा सांगून पाहिलं. वयाच्या सत्तेचाळीसपर्यंत माझ्या रक्ताची चरबी कुणी तपासली नाही, आणि मीही ती तपासून घेतली नाही.

शेवटी तपासली ती एका दुसऱ्याच कारणासाठी, एका छोट्या शस्त्रक्रियेआधी. कागद हातात आला तेव्हा अर्ध्या ओळी ठळक छापलेल्या. एकूण कोलेस्टेरॉल 218, ट्रायग्लिसराइड (रक्तात फिरणारी चरबी) 196, एचडीएल (ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) 41, एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते) 138, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, 5.9. मी तो कागद ताईचा असावा अशा नजरेनं पाहिला. वर नाव माझंच होतं.

ज्या डॉक्टरबाईंकडे मला पाठवलं त्यांनी वजन विचारलंच नाही. पहिला प्रश्न, ‘‘आईवडील आहेत? वडील कितव्या वर्षी गेले?’’ ‘‘51.’’ त्यांनी ते लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. वडील किंवा भाऊ 55 च्या आत, आई किंवा बहीण 65 च्या आत हृदयविकारानं आजारी पडली असेल तर ते अकाली धरतात, हे त्यांनी लिहिता लिहिताच सांगितलं. मग खणातून टेप काढली, शिंप्याकडे असते तसली. सर्वांत खालची बरगडी कुठे संपते ते बोटानं चाचपलं, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपला, दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप फिरवली. ‘‘श्वास सोडा. पोट आत ओढू नका.’’ मी ओढलं नव्हतं. म्हणजे ओढलंय हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी ते आत धरूनच वावरत होते. सोडलं तेव्हा टेपवर 87 सेंटिमीटर.

माझी उंची 158. कमर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा साधा हिशेब. माझं निम्मं 79. नितंबांचा घेर 92. कमरेला त्यानं भागलं की 0.95, आणि बायकांसाठी 0.85 च्या वर धोक्याचं मानतात. वजन 56 किलो, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 22.4. अगदी आदर्श. एकाच बाईच्या दोन मापांपैकी एक शाबासकी देत होतं आणि दुसरं कान पिळत होतं.

बीएमआयचा जन्मच मुळी दवाखान्यातला नाही. बेल्जियमचा अडॉल्फ क्वेटले हा खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणातल्या चुका सरासरी काढून सावरायची पद्धत त्यानं माणसांना लावली आणि 1830 च्या दशकात ‘सरासरी माणूस’ शोधायला निघाला. प्रौढांचं वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे त्याला दिसलं. त्या भागाकाराला बॉडी मास इंडेक्स हे नाव 1972 साली अॅन्सेल कीज यांच्या शोधनिबंधानं दिलं. गर्दीचा अंदाज घ्यायला ते माप बरंच आहे. पण काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, आणि चरबी कुठे बसलीय हे तर नाहीच नाही. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचाच फोटो छापला होता. शेजारीशेजारी उभे, दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे माझ्याहून एका दशांशानं कमी. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. तो फोटो मी बराच वेळ बघत बसले होते. बाबांच्या शेजारी असं कुणी उभं राहिलं असतं तर!

घरी आले आणि आईच्या कपाटातून पट्टा काढला. टेप लावली. बक्कलच्या काट्यापासून दुसरं भोक, जिथे कातडं सगळ्यात जास्त चेपलंय, 79 सेंटिमीटर. ती त्यांची तरुणपणची कमर असणार. सहावं भोक 90. अकरा सेंटिमीटर वाढले आणि काटा 64 वरच. याचा अर्थ सरळ होता. अंगातलं दुसरं काहीतरी तेवढंच घटलं होतं. दंड, मांड्या, पाठ यांतले स्नायू वयाबरोबर झिजले आणि त्यांची जागा पोटातल्या चरबीनं भरून काढली. काटा दोन्हींची बेरीज सांगत राहिला आणि बाबा ती मोठ्यानं वाचत राहिले.

चरबी सगळी एकजात नसते हे मार्सेयचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी 1947 मध्येच लिहिलं होतं. काही जणांची चरबी वरच्या धडावर आणि पोटावर चढते, काहींची नितंब-मांड्यांवर. आणि मधुमेह, रक्तवाहिन्यांचे आजार पहिल्या जातीच्या मागे लागतात, असं त्यांचं निरीक्षण. पुढे जवळजवळ पस्तीस वर्षं त्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. वजनकाटा इतका हाताशी असताना टेप कोण शोधणार!

मला चरबीबद्दलची माझी कल्पनाच बदलावी लागली. चरबी म्हणजे अंगाला चिकटलेला कचरा असं आपण समजतो. ती खरं तर पेव आहे. वापरून उरलेलं धान्य सुरक्षित ठेवायची जागा. कातडीखालचं पेव, त्यातही नितंब-मांड्यांवरचं, धीराचं असतं. घेतं ते लवकर सोडत नाही. ते प्रशस्त असेल तर रक्तात फिरणारी चरबी तिथे निवांत जाऊन बसते. पेव लहान असेल तर? तर ते भरतं आणि उरलेलं वाट फुटेल तिकडे जातं: यकृतात, स्नायूंत, हृदयाभोवती, आणि वपाजालात. वपाजाल म्हणजे जठरापासून आतड्यांवर पदरासारखा सोडलेला पातळ पडदा. तिथली चरबी भारी उतावीळ. तिच्यातलं रक्त थेट यकृतात उतरतं, सोबत मोकळी मेदाम्लं घेऊन. यकृत त्यांचं काय करणार? ट्रायग्लिसराइड बांधून पुन्हा रक्तात पाठवतं. माझे 196 तिथून आले होते. त्याच भरलेल्या यकृतावर इन्सुलिनचा वचक राहत नाही, ते रात्रभर साखर सोडत बसतं. माझे 5.9 बहुधा तिथून.

याचा सगळ्यात कडेलोटाचा पुरावा म्हणजे लायपोडिस्ट्रॉफी. या दुर्मीळ आजारात कातडीखाली चरबी साठवण्याची सोयच नसते. ही माणसं दिसायला पिळदार, शिरा उठून दिसणाऱ्या अंगाची. आणि आत मात्र चरबीनं भरलेलं यकृत, दाद न देणारा मधुमेह, आभाळाला भिडलेले ट्रायग्लिसराइड. चरबी नसल्यामुळे चरबीचा आजार. उलट बाजूनं, अंगावरची चरबी वाढवणाऱ्या पण मधुमेहाचा धोका कमी करणाऱ्याही काही जनुकांच्या आवृत्त्या सापडल्यात. त्या ज्यांच्याकडे असतात त्यांचं कातडीखालचं पेव मोठं असतं, एवढंच.

म्हणजे ज्या भरदार मांड्यांवरून मी ताईला चिडवलं, त्या तिच्या राखणदार होत्या. मी तिला फोन केला. सगळं सांगितलं, वपाजालासकट. ती शांतपणे ऐकून म्हणाली, ‘‘म्हणजे ड्रमचा काहीतरी उपयोग होता म्हण.’’ ती ते विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून रक्त दिलं. ट्रायग्लिसराइड 104, एचडीएल 56, एचबीएवनसी 5.4. वजन 81, बीएमआय 31.6. कमर-नितंब गुणोत्तर 0.80. इथेच कथा संपवली असती तर ती जाडेपणाची आरती झाली असती, आणि ते खरं नाही. तिचा रक्तदाब 148 वर 92 निघाला. गुडघे तर केव्हाचेच बोलताहेत. आणि पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन ओसरलं की चरबी मांड्यांकडून पोटाकडे मोर्चा वळवते; ताईची कमरही गेल्या तीन वर्षांत वाढलीय. राखणदार निवृत्त होतात. शिवाय पेव कितीही मोठं असलं तरी भरतंच कधीतरी. 2004-05 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या 52 देशांतल्या अभ्यासात कमर-नितंब गुणोत्तरानं हृदयविकाराचा झटका बीएमआयपेक्षा चांगला हेरला. तिथेही रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, रक्तातली चरबी हे सगळे आपापल्या जागी उभे होतेच.

रक्ताच्या कागदाकडे वळते. एक गोष्ट मला फार उशिरा कळली: माझं एलडीएल कुणी मोजलंच नव्हतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा, उरलं ते एलडीएल. 218 वजा 41 वजा 39. शाळकरी वजाबाकी. 1972 साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी काढलेलं हे सूत्र अजून असंख्य प्रयोगशाळांत चालतं, आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की ते धरता येत नाही. माझ्यासारखीचा घोळ वेगळाच. ट्रायग्लिसराइड चढलेले असले की कोलेस्टेरॉल रक्तातून वाहून नेणारे एलडीएलचे कण लहान होतात, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी मावतं, म्हणून तेवढ्याच कोलेस्टेरॉलमागे कण जास्त असतात. आणि धमनीच्या अस्तरात घुसतो तो कण. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘माणसं मोजायची तर डोकी मोजावीत. सगळ्यांना एका काट्यावर उभं करून भागाकार कशाला?’’ डोकी मोजायची तपासणी म्हणजे अपोबी. प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो. माझं अपोबी 118 निघालं. वजाबाकीतल्या 138 पेक्षा हा आकडा जास्त बोलका होता.

एचडीएलबद्दल माझी जुनी श्रद्धा होती, ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणून. ती सोडावी लागली. एचडीएल भरपूर वाढवणारं टोरसेट्रॅपिब नावाचं औषध 2006 च्या डिसेंबरात मोठ्या चाचणीतून तडकाफडकी काढून घेतलं गेलं, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. पुढे 2012 मध्ये, जन्मतःच एचडीएल जास्त ठेवणारी एक जनुकीय आवृत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांना झटके काही कमी येत नाहीत, असं दिसलं. कमी एचडीएल ही चाहूल आहे. ते वाढवून चोर पळत नाही. सीआरपी या रक्तातल्या प्रथिनाचंही तसंच. दाह वाढला की यकृत ते सोडतं, आणि रक्तात ते जास्त असणं वाईट खूण हे खरं. पण सीआरपी वाढवणारी जनुकं हृदय बिघडवत नाहीत. त्याच्या वरच्या पायरीवरची, दाहाचा निरोप पोचवणाऱ्या इंटरल्यूकिन-6 च्या ग्राहकाची (म्हणजे पेशीवर तो निरोप पकडणाऱ्या प्रथिनाची) जनुकं मात्र फरक करतात. आणि 2017 मध्ये, कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह उतरवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधानं झटके कमी करून दाखवले. खूण कुठली आणि कारण कुठलं हे असं जनुकांच्या साक्षीनं ठरवता येतं, ही मला या सगळ्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. आईबापांच्या कुठल्या आवृत्त्या आपल्या वाट्याला येणार याच्या चिठ्ठ्या गर्भातच पडतात. त्या चिठ्ठ्यांना आपला आहार, पगार, स्वभाव काही माहीत नसतं. निसर्गानं आधीच करून ठेवलेला प्रयोग, आपण फक्त वही उघडायची.

त्या वहीतलं एक पान पीसीएसके-9 चं. हे प्रथिन यकृताच्या पेशींवरचे एलडीएल पकडणारे ग्राहक मोडीत काढतं. (ते ग्राहक शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल.) 2003 मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत या जनुकाची अतिउत्साही आवृत्ती सापडली, तिथे कोलेस्टेरॉल भयंकर. मग अमेरिकेत डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: आळशी आवृत्ती असलेली माणसं असतील का? होती. 2006 मध्ये त्यांनी दाखवलं की अशा आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांचं एलडीएल 28 टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयधमन्यांचा आजार 88 टक्क्यांनी. हे दोन आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेऊन पन्नाशीत तेवढंच एलडीएल उतरवलं तर एवढा फायदा पाच वर्षांत कुणालाच मिळत नाही. मग यांना कसा? कारण यांचं एलडीएल जन्मापासून कमी होतं. धमनी आजचा आकडा बघत नाही. ती आकडा गुणिले वर्षं असा हिशेब ठेवते.

1953 साली कोरियातल्या युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला होता. सरासरी वय 22. त्यांतल्या 77 टक्के जणांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. कवायत केलेली, धडधाकट पोरं. म्हणजे बाबांच्या धमनीतलं ते खातं त्या रात्री उघडलं नव्हतं. पट्टा दुसऱ्या भोकावर होता तेव्हाच उघडलेलं असणार.

माझ्या कागदावर एक तपासणी नव्हती, ती डॉक्टरबाईंनी वेगळी लिहून दिली. लायपोप्रोटीन लिटल-ए. आयुष्यात एकदा केली तरी चालते, म्हणाल्या, कारण ती सहसा बदलत नाही. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांना 1963 मध्ये हा कण काही लोकांच्या रक्तात ठळक सापडला, काहींच्या जवळजवळ नाही. एलडीएलचाच कण, पण त्याला एक लांब शेपूट जोडलेली. शेपटीची घडण रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या प्लास्मिनोजेनसारखी, गुण मात्र तो नाही. उत्क्रांतीत प्लास्मिनोजेनच्या जनुकाची एक नक्कल निघाली आणि तीच भरकटली. माणसांत, वानरांत, आफ्रिका-आशियातल्या माकडांत हा कण आहे, आणि मग अधलेमधले सगळे प्राणी सोडून थेट काटेरी हेजहॉगमध्ये. त्या बिचाऱ्यानं ती नक्कल स्वतंत्रपणे तयार केली. (का, ते विचारू नका. माझं आणि हेजहॉगचं या मुद्द्यावर मन जुळतं.) शेपूट जितकी आखूड तितके कण जास्त, आणि शेपटीची लांबी ठरते जनुकावरून. चालून, उपास करून, वजन उतरवून हा आकडा जेमतेम हलतो. साधारण पाचांतल्या एकाचा तो वाढलेला असतो.

लिटरमागे 125 नॅनोमोलच्या वर जास्त समजतात. माझा आला 162. ताईचा 14. आईचा, तिला कसंबसं पटवून केला, 11.

मराठीत ‘खाण तशी माती’ म्हणतात. खाण एकच, आणि आम्ही दोघी दोन जातींची माती. आईकडे ते नाही म्हणजे माझ्याकडे बाबांकडून आलं. त्यांच्या दोन आवृत्त्यांपैकी एक ताईकडे गेली, दुसरी माझ्याकडे. चेहरा, काटक्या हातपाय, लहान पेव आणि ही शेपूट, सगळं एकाच पाकिटात आलं असं मला वाटायचं. तसं काही नसतं. प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी वेगळी. ताईला बाबांचा चेहरा मिळाला असता आणि शेपूट नसती, किंवा उलट. चेहरा बघून धोका वाचायची आपली घरगुती विद्या इथे पार फसते.

21 हजार स्वीडिश जुळ्यांवरचा एक अभ्यास 1994 साली आला होता. पुरुषांत, जुळा भाऊ 55 च्या आत हृदयविकारानं गेलेला असेल तर उरलेल्याचा धोका एकरूप जुळ्यांत सुमारे 8 पट, भिन्न जुळ्यांत 4 पटीच्या आसपास. भावाचा मृत्यू जितक्या उतारवयात, तितका हा फरक पुसट. म्हणजे लवकर मारणारं हृदय बरंचसं वारशाचं, उशिरा मारणारं बरंचसं राहणीचं. आणि वारसाही बहुतेकांचा एका मोठ्या जनुकातला नसतो. तो चिल्लर साठत गेल्यासारखा शेकडो ठिकाणचा असतो. 2007 मध्ये सापडलेली नवव्या गुणसूत्रावरची एक जागा तर कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर कशालाच न शिवता धोका वाढवते. पण 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात, जनुकीय धोका सर्वांत जास्त असलेल्यांपैकी जे सिगारेट ओढत नव्हते, हालचाल करत होते, नीट खात होते, त्यांच्यात हृदयविकार जवळजवळ निम्म्यानं कमी दिसला. हे वाचून मी लगेच बूट घातले, असं लिहायला आवडलं असतं. घातले तिसऱ्या आठवड्यात.

अकरा महिने झाले. रोजचं चालणं, आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं (पहिल्या दिवशी दोन किलोनं हात थरथरत होते, तेव्हा कळलं बाबांचे स्नायू कुठे गेले असतील), आणि रात्री एक स्टॅटिन. कमर 87 वरून 82. ट्रायग्लिसराइड 121. एचबीएवनसी 5.6. अपोबी 71. वजन 56 वरून 56.5, म्हणजे काट्याला विचाराल तर मी जाडी झाले. लिटल-ए हट्टानं पुन्हा करून घेतलं: 165. अपेक्षित होतं, तरी थोडी चिडलेच. त्यावर नेमकी लागू पडणारी औषधं मोठ्या चाचण्यांत आहेत. तोवर बाकीचं सगळं जितकं खाली ठेवता येईल तितकं ठेवायचं, एवढंच.

स्टॅटिनबद्दल माझ्या मनात सुरुवातीला ठसठस होती. गोळी म्हणजे हार, असं कुठेतरी वाटत होतं. आयुष्यभर बारीकपणाचं श्रेय घेतलं ना, मग आता गोळीचा दोष अंगावर घ्यावा लागणारच! ताई रक्तदाबाची गोळी पहिल्या दिवसापासून निमूट घेते. तिला अंगाबद्दल लोकांचं ऐकायची सवय आहे, गोळी त्यामानानं सभ्य. रात्री साडेनऊला तिचा मेसेज येतो, ‘घेतली?’ मी लिहिते, ‘घेतली. तू?’ आमचं इतकं नियमित बोलणं याआधी कधी नव्हतं.

उरला प्रश्न लेकीचा. ती 22 वर्षांची आहे. बाबांची ती आवृत्ती माझ्याकडून तिच्याकडे गेली असेल याची शक्यता निम्मी. मी सहा महिने तिच्या मागे होते, ती टाळत होती. एकदा चिडून म्हणाली, ‘‘आई, तुझा रिपोर्ट वाईट आला म्हणून माझा का काढायचा?’’ उत्तर माझ्याकडे तयार होतं, कोरियातल्या सैनिकांपासून डॅलसपर्यंत. मी गप्प बसले. ताईनं बजावलं होतं, ‘‘अंगाबद्दल पोरीच्या मागे लागू नकोस. मला विचार.’’

गेल्या रविवारी ती आपण होऊन रक्त देऊन आली आणि तशीच आजीकडे गेली. संध्याकाळी परतली तेव्हा हातात बाबांचा पट्टा. सैल पँटवर असा जुना पट्टा छान दिसतो म्हणे, आजीनं दिला. कमरेला लावून बघितला तर पहिल्या भोकातही ढगळ. ‘‘आत अजून एक भोक लागेल,’’ म्हणाली आणि दाभण शोधायला लागली.

मी फळी आणली. पट्टा पालथा घालून दोन्हीकडून ताणून धरला. तिनं पेनानं खूण केली, दाभण टेकवलं, बत्ता उचलला. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटपट्टीनं तसाच लावलेला होता, मध्ये एक वाळलेला ठिपका.

‘‘नीट धर गं आई,’’ ती म्हणाली. ‘‘तिरकं नको जायला.’’